वाचकांचे प्रश्न : छोटे वाङ्मयीन नियतकालिक काढताना

या अंकासाठी छोट्या वाङ्मयीन नियतकालिकांविषयी प्रश्न मागवले होते. आलेली निम्मी पत्रे पहिल्या अंकाची जुळवाजुळव करणाऱ्यांची आहेत, उरलेली पाचव्या-सहाव्या अंकावर अडलेल्यांची. पैशाच्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे. छोटी नियतकालिके मजकुराअभावी बंद पडल्याची उदाहरणे थोडी. बहुतेक हिशेबात आणि टपालात अडकतात.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र कविता व समीक्षेचे त्रैमासिक काढणार आहोत. नोंदणी करावीच लागते का? ‘अनियतकालिक’ असे छापले की सुटका होते, असे एकाने सांगितले. (अंबाजोगाई)

उत्तर : आधी वर्षाला किती अंक झेपतील ते ठरवा. त्रैमासिक म्हणजे नव्वद दिवस. त्यांतले चाळीस मजकूर मागवण्यात, वाचण्यात आणि कळवण्यात जातात, पंचवीस अक्षरजुळणी व मुद्रितशोधनात, बारा छपाई-बांधणीत आणि एक आठवडा पाकिटे व टपालात. उसंत उरते सहा दिवसांची. चौघेही नोकरी-धंद्यात असतील तर षण्मासिक जाहीर करा. वर्षात दोन अंक वेळेवर देणाऱ्याकडे वर्गणीदार पुन्हा येतो, चार कबूल करून तीन देणाऱ्याकडे येत नाही.

आता कायदा. १८६७ चा जुना मुद्रण व पुस्तक नोंदणी कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून ‘प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स अॅक्ट, २०२३’ लागू आहे. पूर्वी आधी शीर्षक मंजूर करून घ्यायचे, मग जिल्हादंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र करायचे आणि मग दिल्लीला नोंदणीसाठी कागद पाठवायचे, असे तीन टप्पे होते. आता ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज एकत्र होतो. अडचण बहुधा नावात येते. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात कोणत्याही भाषेत, तेच किंवा तसेच नाव दुसऱ्याकडे असेल तर ते मिळत नाही. ‘शब्द’, ‘अक्षर’, ‘साहित्य’, ‘प्रतिभा’ हे शब्द असलेली नावे आधीच गेलेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून मुखपृष्ठाचे अक्षरलेखन करून घेण्यापूर्वी पोर्टलवर नाव शोधा आणि चार-पाच पर्याय तयार ठेवा. नाव नाकारले गेल्यावर सुलेखनकाराकडे दुसऱ्यांदा जाण्याची पाळी अनेकांवर येते.

‘अनियतकालिक’ या शब्दामागे मराठीत मोठी परंपरा आहे. पन्नासच्या दशकात मुंबईत ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून निघत होते, आणि साठच्या दशकात अनियतकालिकांची चळवळच उभी राहिली. कायद्याच्या व्याख्येत ठरावीक कालावधीने निघणारे आणि सार्वजनिक घडामोडी किंवा त्यांवरील भाष्य असलेले प्रकाशन येते. पुस्तके आणि शास्त्रीय, तांत्रिक वा अभ्यासविषयक जर्नल त्यातून वगळली आहेत. जमेल तेव्हा निघणारा, निव्वळ कवितांचा संग्रहवजा अंक वेगळा. पण ‘वर्ष १, अंक २, जुलै-सप्टेंबर’ असे छापून, वार्षिक वर्गणी घेऊन वर ‘अनियतकालिक’ म्हणणे टिकणारे नाही. तुम्ही त्रैमासिकच काढणार आहात, तेव्हा नोंदणी करा. प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण छापा, वार्षिक विवरण वेळेवर भरा. दीर्घकाळ अंक निघाला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, हेही वर्षाला किती अंक जाहीर करायचे ते ठरवताना लक्षात घ्या.

आयएसएसएन ही वेगळी गोष्ट. तो नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक आहे, भारतात विनाशुल्क मिळतो आणि त्यातून दर्जाची कसलीही हमी मिळत नाही. ‘आयएसएसएन असलेले, म्हणून मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात करून प्राध्यापकांकडून छपाईचे पैसे घेण्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मुद्रक म्हणतात, ५०० ऐवजी १००० प्रती घ्या, फार फरक पडत नाही. खरे आहे का? आकार आणि कागद कोणता घ्यावा? (कराड)

उत्तर : मुद्रक खरे सांगत आहेत, तरीही ऐकू नका. हिशेब मांडून पाहू.

डेमी १/८ आकार घ्या, म्हणजे कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंच. कवितेची ओळ त्यात न मोडता बसते आणि पाकीटही लहान लागते. क्राऊन १/४ हा दिवाळी अंकांचा आकार, चित्रे आणि दोन स्तंभांतला मजकूर असेल तरच त्याचा उपयोग. १८ बाय २३ इंचाच्या एका ताव्यावर (न घडी घातलेल्या मोठ्या कागदावर) डेमीची १६ पाने छापून होतात, त्याला एक फर्मा म्हणतात. पानांची संख्या १६ च्या पटीत ठेवा. १०० पाने झाली तर वरच्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेट आणि वेगळी छपाई येते. त्यापेक्षा एक परीक्षण पुढच्या अंकात ढकला आणि ९६ वर थांबा.

९६ पाने म्हणजे सहा फर्मे. ५०० प्रतींना ३००० तावे, शिवाय मशीन जुळेपर्यंत फर्म्यामागे सुमारे ७५ तावे वाया जातात. एकूण ३४५०, म्हणजे सात रिमे (एका रिमात ५०० तावे). रिमाचे वजन काढायला लांबी आणि रुंदी इंचांत घेऊन गुणा, त्याला जीएसएमने (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, इथे ७०) गुणा आणि ३१०० ने भागा. १८ × २३ × ७० ÷ ३१०० = सुमारे ९.३५ किलो. सात रिमांचे साडेपासष्ट किलो झाले. हे गणित स्वतः करता आले की बिलातला कागद तपासता येतो.

पुढचे दर समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर घालून हाच तक्ता करा. कागद ८५ रुपये किलोने ५,६००. फर्म्याला दोन, अशा बारा प्लेट २५० प्रमाणे ३,०००. छपाई प्लेटमागे ३०० प्रमाणे ३,६००. चार रंगी मुखपृष्ठ, २५० जीएसएमचे कार्ड आणि लॅमिनेशन धरून ५,०००. बांधणी प्रतीला ७ रुपये, म्हणजे ३,५००. अक्षरजुळणी पानाला ६० प्रमाणे ५,७६०. बेरीज सुमारे २६,५००, प्रतीमागे ५३ रुपये. १००० प्रतींचा हिशेब केला तर बेरीज ३६,७०० च्या आसपास येते आणि प्रत ३७ रुपयांना पडते. प्लेट, अक्षरजुळणी आणि छपाईची किमान आकारणी दोन्हीकडे सारखीच, म्हणून हा फरक दिसतो. मुद्रक हेच सांगत असतात.

पण तुमचे वर्गणीदार ३०० असतील तर वरच्या ७०० प्रती कोणाच्या घरात राहणार? वर्गणी टपालासह वर्षाला ५०० रुपये धरा, टपाल-पाकीट प्रतीला २५. तीनशे वर्गणीदारांचे दीड लाख येतात, टपालाला वर्षात ३०,००० जातात. प्रत्येक अंकाच्या ५०० प्रती छापल्या तर चार अंकांना १,०६,००० लागून हाती १४,००० उरतात. ३५० छापल्या तर अंकाचा खर्च सुमारे २३,५०० येतो आणि वर्षाअखेर २६,००० उरतात. प्रत महाग पडूनही शिल्लक बारा हजारांनी वाढते, आणि लेखकांचे मानधन याच रकमेतून निघते. म्हणून वर्गणीदार, लेखकांच्या प्रती, ग्रंथालये आणि दुकानांत खपणाऱ्या प्रती यांची बेरीज करून वर चाळीस-पन्नास, एवढेच छापा. साधारण ३०० च्या खाली गेलात तर डिजिटल छपाईचा भाव विचारा. तिथे प्लेट नसतात, दर पानागणिक असतो.

किंमत ठरवताना दुकानदाराचे कमिशन विसरले जाते. ते ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. १३० रुपये किंमत ठेवली तर तुमच्या हाती ७८ येतात, आणि प्रती तिथवर पोचवण्याचा खर्चही त्यातूनच. अंकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, मुद्रकाच्या बिलावर मात्र तो असतो आणि त्याची वजावट मिळत नाही. दर ठरवताना ‘करासह किती?’ असे विचारा आणि लेखी घ्या.

बांधणीत दोन गोष्टी बिघडतात. ७०-८० पानांपर्यंत मधोमध पिन मारलेली बांधणी चालते. त्यापुढे आतली पाने बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचा समास कमी होतो. ९६ पानांना गोंदाची परफेक्ट बायंडिंग घ्या, आणि कण्याकडचा समास पाऊण इंचापेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर वाचक अंक दाबून उघडतो आणि पाने सुटतात. दुसरे, कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. ती आडवी गेली की पावसाळ्यात पाने लाटांसारखी फुगतात आणि अंक मिटत नाही. मुद्रकाला हे काम देतानाच सांगावे लागते, तावे कापून झाल्यावर उपाय नाही.

प्रश्न : लेखक मजकूर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये पाठवतात. युनिकोडमध्ये बदलल्यावर नको त्या चुका होतात. कवितेच्या ओळीही मोडतात. (जळगाव)

उत्तर : लेखकांना एकच सांगा : मजकूर युनिकोडमध्येच पाठवा, सोबत पीडीएफ किंवा हस्तलिखिताचा फोटो जोडा. पीडीएफ यासाठी की बदललेला मजकूर कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न राहू नये.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलताना चुका ठरलेल्या जागी होतात, आणि त्यांची यादी टेबलावर चिकटवून ठेवता येते. पहिला मान ‘ऱ्य’चा. ‘आचाऱ्यांना’ जेवण वाढायचे सांगितले आणि छापून आले ‘आचार्यांना’, की अर्थच फिरला. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. त्यातही मेख अशी की ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण संगणकाच्या शोधात एक सापडते आणि दुसरे सुटते. ‘ॲ’चेही तसेच, एकसंध अक्षर वेगळे आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेले वेगळे. अंकापुरते एक रूप ठरवा आणि ‘शोधा-बदला’ने सगळा मजकूर त्यावर आणा. त्यानंतर रफार, ‘ह्र’ आणि ‘ऱ्ह’, ‘द्य’ आणि ‘ध्य’, आणि अपूर्णविरामाच्या जागी घुसलेला विसर्ग पाहा. शेवटची चूक फार दिसते, कारण छापल्यावरही ती सहज नजरेत येत नाही.

पानमांडणी पेजमेकरवर होत असेल तर युनिकोड विसरा, त्याला ते झेपत नाही. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. जुळारी मग फॉन्टला दोष देतात. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ आधी पाहा. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरे येतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ केल्यावरच मराठी वळण मिळते. यशोमुद्रा, शोभिका, तिरो देवनागरी मराठी हे मुक्तपणे मिळणारे आणि दीर्घ वाचनाला चांगले फॉन्ट आहेत. डेमीला १२ किंवा १२.५ पॉइंटचा टाइप आणि १७ पॉइंटचे ओळींतले अंतर ठेवा. यापेक्षा दाटी केली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

कवितेच्या ओळी मोडतात त्या बहुतेक मोबाइलवरून आलेल्या मजकुरात. कवीने कुठे ओळ तोडली आणि पडद्याच्या रुंदीमुळे कुठे तुटली, हे जुळाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यासाठीच फोटो. ओळ पानात मावत नसेल तर उरलेले शब्द खालच्या ओळीत दोन एम (एक एम म्हणजे टाइपाच्या मापाएवढी रुंदी) आत सरकवून घ्या, म्हणजे ती पुढची ओळ वाटणार नाही. कडव्यांमधली मोकळी ओळ पानाच्या शेवटी आली तर ती दिसत नाही, म्हणून तिथे कडव्याच्या मध्ये पान तोडणेही परवडते. कवितेचे पान कवीला पीडीएफने पाठवा, सात दिवसांची मुदत द्या आणि ‘उत्तर न आल्यास आहे तसे छापू’ हे त्याच पत्रात लिहा.

शुद्धलेखनाला मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम धरा, पण निवेदनापुरते. संवादात आणि कवितेत अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी जशी लिहून आली तशी राहू द्या. मुद्रितशोधकाला हे आधी सांगून ठेवले नाही तर तो ‘व्हतं’चे ‘होतं’ करून ठेवतो, आणि त्याने त्याचे काम चोख केलेले असते.

प्रश्न : टपाल खर्च अंगावर येतो आहे. नियतकालिकांना सवलत असते ना? (रत्नागिरी)

उत्तर : सवलत आहे, पण त्रैमासिकाला नाही. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या सवलतीसाठी प्रकाशनाची नोंदणी हवी, दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको आणि खऱ्या वर्गणीदारांची किमान ५० जणांची यादी हवी, अशी अट चालत आली आहे. त्यामुळे मासिक बसते, द्वैमासिक व त्रैमासिक बाहेर राहतात. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. ते शैक्षणिक व वाङ्मयीन पुस्तकांसाठी आहे आणि जाहिराती असलेल्या छापील साहित्याला चालत नाही. तुमचा अंक त्यात बसतो का, हे मुख्य टपाल कार्यालयात अंक दाखवून लेखी विचारा. खिडकीवर तोंडी मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर बदलते. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हा जुन्या दरांवर आखलेले अंदाजपत्रक नव्याने करा.

हातात राहते ते वजन. वर सांगितलेला ९६ पानांचा डेमी अंक ७० जीएसएमवर सुमारे ११६ ग्रॅम भरतो, पाकिटासह १२८-१३०. कागद ८० जीएसएमचा घेतला तर पंधरा ग्रॅम वाढतात. वजनाचा टप्पा ओलांडला की पुढच्या टप्प्याचा पूर्ण दर लागतो, म्हणून कागद ठरवण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी बांधून, पाकिटात घालून काट्यावर ठेवा.

पत्ते पिनकोडप्रमाणे लावा. पहिले तीन आकडे सारखे असलेल्या पाकिटांचे गठ्ठे बांधून दिले की छाननी सोपी होते. पत्त्यावर मोबाइल क्रमांक असू द्या. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात पाकिटाच्या आत पातळ प्लास्टिकची पिशवी हवीच. परत आलेल्या पाकिटावरचा शेरा वहीत नोंदवून त्याच आठवड्यात वर्गणीदाराला संदेश पाठवा. हा कंटाळवाणा उद्योग कोणा एकाच्या नावावर टाका, ‘सगळ्यांनी मिळून’ ठरवलेला तो होत नाही.

प्रश्न : आजीव वर्गणी ठेवावी का? एकरकमी पैसे येतात. (बेळगाव)

उत्तर : ठेवू नका. प्रतीचा खर्च ५३ आणि टपाल २५, म्हणजे ७८. वर्षाच्या चार अंकांना एका वर्गणीदारामागे ३१२ रुपये लागतात. आजीव वर्गणी ३,००० ठेवून शंभर सभासद मिळाले तर तीन लाख येतात. ते बँकेत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला १९,५०० मिळतात. शंभर जणांना अंक द्यायला लागतात ३१,२००. महागाई शून्य धरली तरी वर्गणी ४,८०० हवी. आणि हे पैसे ठेवीत राहिले तर. प्रत्यक्षात पहिल्या दोन अंकांच्या बिलांत ते जातात, आणि सातव्या-आठव्या वर्षी सर्वांत जिवाभावाच्या वाचकांना अंक पाठवणे हेच ओझे होऊन बसते. जुन्या मासिकांच्या आजीव सभासदांच्या याद्या पाहिल्या की हे ध्यानात येते.

त्याऐवजी तीन वर्षांची वर्गणी ठेवा. पैसे स्वतंत्र खात्यात घ्या आणि वहीत प्रत्येक नावासमोर ‘किती अंक देणे बाकी’ हा रकाना ठेवा. त्या रकान्याची बेरीज गुणिले ७८ हे तुमच्यावरचे कर्ज आहे. बँकेतली शिल्लक त्याहून कमी झाली की नवा खर्च थांबवा. वर्गणी संपल्याचे शेवटच्या अंकासोबत चिठ्ठी घालून कळवा, आणि त्या आधीच्या अंकासोबतही. चिठ्ठीवर यूपीआयचा कोड आणि वर्गणीदार क्रमांक छापा. क्रमांक नसला की खात्यात ५०० रुपये आलेले दिसतात आणि ते कोणाचे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

प्रश्न : मी अमेरिकेचा नागरिक आहे. गावाकडच्या एका त्रैमासिकाला दरवर्षी देणगी देण्याची इच्छा आहे. (न्यू जर्सी)

उत्तर : देणगी नको, वर्गणी भरा. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या तिसऱ्या कलमाने नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, मालक, मुद्रक व प्रकाशक यांना परकीय देणगी घेण्यास मनाई आहे, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे पैसेही त्यात मोडतात. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम वेगळी. अंकाची रीतसर किंमत हा व्यवहार आहे. दहा जणांची वर्गणी भरून ते अंक गावातल्या दहा शाळांना लावून द्यायचे असतील, तर संपादकांनी आधी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घेऊन तसे बिल करावे.

प्रश्न : मानधन देऊ शकत नाही. लेखक पुढे तेच लेखन पुस्तकात घेतात तेव्हा आमची परवानगी लागते का? अनुवाद छापताना कोणाची घ्यायची? (नागपूर)

उत्तर : लेखक तुमच्या नोकरीत नाही, त्यामुळे हक्क त्याचाच राहतो. तुम्हाला मिळते ती एकदा छापण्याची परवानगी. ‘प्रथम प्रसिद्धी अमुक अंकात’ असा उल्लेख करावा, एवढी विनंती रास्त आहे. हक्काचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते व क्षेत्र भारतापुरते. ‘सर्व हक्क संपादकाधीन’ ही श्रेयनामावलीतली ओळ निरर्थक आहे, काढून टाका. स्वीकृतीपत्रात दोन वाक्ये पुरतात : हा मजकूर अमुक अंकात एकदा छापू. संकेतस्थळावर ठेवायचा झाल्यास वेगळे विचारू.

अनुवादाला मूळ लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. अनुवादकाचा त्याच्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो, तेव्हा जुना अनुवाद पुन्हा छापताना दोन परवानग्या लागतात. परवानगीचा मेल मिळाला नसेल तर तो मजकूर फर्म्यात घेऊच नका. शेवटच्या क्षणी सोळा पानांतली चार काढणे महागात पडते.

मानधनाविषयी आमचे मत स्पष्ट आहे : द्या. कवितेला २०० रुपये आणि दोन प्रती, लेखाला ५००, एवढे दिले तरी अंकामागे पाच-सहा हजारांत भागते, आणि प्रती नेमक्या छापल्यामुळे वाचणारे पैसे त्यातला निम्मा भार उचलतात. उरलेल्यासाठी पानांची संख्या सोळाने कमी करावी लागली तरी चालेल. ते जमतच नसेल तर लेखन मागवतानाच तसे लिहा. लेख छापून झाल्यावर लेखकाने विचारण्याची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : दिवाळी अंक काढावा का? (फोंडा, गोवा)

उत्तर : चार अंकांतला एक दिवाळीत येतो म्हणून त्याची पाने वाढवा, एवढेच. वेगळा, जाडजूड अंक जाहिरातींवर उभा राहतो, त्या जाहिरातींचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत आणि मुद्रक मात्र अंक उचलताना पैसे मागतो. काढायचाच असेल तर उलटे मोजा : लक्ष्मीपूजनाच्या तीन आठवडे आधी अंक टपालात, सात आठवडे आधी छापखान्यात, म्हणजे सगळा मजकूर आषाढ संपेपर्यंत हाती. भाद्रपदात छापखान्यांत रांग असते आणि छोट्या कामाचा नंबर शेवटी लागतो. जाहिरात लेखी आदेशाशिवाय छापू नका, आणि मलपृष्ठाची रक्कम आधी घ्या.

प्रश्न : बारा वर्षांनी आमचे त्रैमासिक बंद करत आहोत. काय काय करावे? (सावंतवाडी)

उत्तर : शेवटून दुसऱ्या अंकात जाहीर करा, म्हणजे कोणी नवी वर्गणी भरणार नाही. देणे बाकी असलेल्या अंकांची यादी काढा आणि प्रत्येकाला विचारा : पैसे परत हवेत की तेवढ्याचे जुने अंक? दुसऱ्या एखाद्या नियतकालिकाकडे वर्गणी वळवायची तर वर्गणीदाराची संमती घ्या. त्याचा पत्ता परस्पर देऊ नका.

पुस्तके व वृत्तपत्रे ग्रंथालयांना देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अंक कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांच्याकडे पाठवायचा असतो. बारा वर्षांत राहून गेला असेल तर आता पूर्ण संच पाठवा, पोच जपून ठेवा. आणखी चार-पाच संच बांधून विद्यापीठांच्या मराठी विभागांना आणि जवळच्या जुन्या नगर वाचनालयाला द्या. न बांधलेले सुटे अंक ग्रंथालयात नियतकालिकांच्या ढिगात जातात आणि काही वर्षांनी रद्दीत निघतात. बांधलेल्या खंडाला दाखल क्रमांक मिळतो.

पानमांडणीच्या मूळ फाइली, त्यांत वापरलेले फॉन्ट आणि छपाईच्या पीडीएफ तीन ठिकाणी ठेवा. फाइल नसलेले सुरुवातीचे अंक ३०० डीपीआयवर करड्या छटांत स्कॅन करा. ते जगासाठी खुले करायचे असतील तर लेखकांची परवानगी लागेल, कारण तुम्ही एकदाच छापण्याची घेतली होती. जे ‘हो’ म्हणतील त्यांचे आधी ठेवा.

सर्वांत महत्त्वाची ती सूची. बारा वर्षांच्या ४८ अंकांची सूची करायला दोघांना दोनेक महिने लागतील. लेखक, शीर्षक, प्रकार, मूळ भाषा व अनुवादक, अंक, पृष्ठे, एवढे रकाने पुरे. टोपणनावासमोर खरे नाव लिहायचे असेल तर आता विचारून घ्या, कारण ही माहिती संपादकांच्या डोक्यातच असते. सूची शेवटच्या अंकाचा शेवटचा फर्मा म्हणून छापा. नोंदणी कार्यालयाला प्रकाशन थांबल्याचे कळवा. बँकेचे खाते मात्र आणखी सहा महिने उघडे ठेवा : परताव्याचे धनादेश लोक उशिरा वटवतात, आणि एखादे ग्रंथालय दोन वर्षांपूर्वीचे बिल तेव्हाच चुकते करते.